हातात कागद कुठला, ते बघा

मैत्रिणींनो, ‘पोलिसांत तक्रार दिली’ म्हणून कुणी सांगितलं की मी आधी तिच्या हातातला कागद मागते. पुष्कळदा ती एन.सी. असते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तिचा तपास पोलिसांना करताच येत नाही. कधी तर नुसता शिक्का मारलेला अर्ज असतो. बाई बिचारी घरी वाट बघत बसते आणि तिकडे तपास सुरूच झालेला नसतो!

शिवीगाळ, किरकोळ मारहाण असेल तर एन.सी. ठीक आहे. पण बलात्कार, विनयभंग, अपहरण, हुंड्यासाठी छळ हे दखलपात्र गुन्हे. तिथे एफआयआरच हवा.

‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे उत्तर आपल्या ओळखीचंच. गाझियाबादच्या एका बापालाही अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून २००८ साली थेट पोलीस अधीक्षकांपर्यंत जावं लागलं. पुढे तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या ‘ललिता कुमारी’ खटल्यात पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट सांगितलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवावाच लागेल. खरं-खोटं नंतर तपासात ठरेल. खोट्या तक्रारींचं काय, असं विचारणाऱ्यांनाही त्यात उत्तर आहे. गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच अटक केलीच पाहिजे, असं नाही.

आणि तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले आणि पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. मुंबई उच्च न्यायालयानेही या दिरंगाईवरून पोलिसांना फटकारलं. निकाल येऊन दहा वर्षं उलटली होती, बरं का!

एक पळवाट मात्र त्याच निकालात राहिली आहे. नवरा-बायकोच्या वादात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे. तीही ठरावीक मुदतीतच. पण व्यवहारात ‘ताई, घरचं भांडण आहे, कशाला वाढवताय?’ म्हणत महिनोन्‌महिने समुपदेशनाच्या तारखा पडतात. डोकं फुटलं तरी ‘घरचं भांडण’! मला हे मुळीच पटत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ ही सबब आता चालत नाही. कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्याच. बलात्कार, विनयभंगासारख्या गुन्ह्यांत माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे त्याला शांतपणे सांगून बघा.

तरीही ऐकलं नाही, तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथूनही काही झालं नाही, तर वकिलामार्फत प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे आधी गेला होतात का, ते तिथे बघतात. म्हणून पोस्टाची पावती रेशनकार्डाच्या पिशवीत नीट ठेवा.