गाडी नको, मैदान हवं

गाडीत बसून उघड्यावर, भल्यामोठ्या पडद्यावर सिनेमा बघायची ‘जुनी मजा’ परत आली आहे, असं हल्ली जाहिराती आणि रील्स सारखं सांगत असतात. शहरातल्या मोकळ्या जागांविषयी या सदरात वारंवार लिहीत आल्यामुळे असेल, पण मला या ‘परत आली’ शब्दांचा राग येतो. ड्राइव्ह-इन थिएटरची ओढ खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ती खरी आहे, आणि खरी आहे म्हणूनच तिच्या नावावर आपल्याला नेमकं काय विकलं जातंय हे तपासून घ्यायला हवं. जे गेलं ते एक होतं, जे आलंय ते दुसरंच आहे.

इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थांनी 6 जून 1933 रोजी पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यांनी घराच्या अंगणात दोन झाडांमध्ये चादर ताणून, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून प्रयोग केले होते. पुढच्या गाडीमुळे मागच्याला पडदा दिसेना, तेव्हा चाकांखाली ठोकळे ठेवून त्यांनी उताराचं गणित बसवलं आणि त्या उतरंडीचं पेटंटही घेतलं. तिकीट होतं गाडीला 25 सेंट आणि माणशी 25 सेंट. पुढे न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं आणि महायुद्धानंतर अशा थिएटरांचं पेवच फुटलं. 1958 च्या सुमाराला तिथे चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. आज जेमतेम तीनशेच्या आसपास उरली आहेत.

ती का बुडाली, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे टीव्ही आणि व्हिडिओ. मला ते अपुरं वाटतं. टीव्हीमुळे चार भिंतींतली थिएटरंही घायकुतीला आली होती, पण ती मल्टिप्लेक्स होऊन तगली. ड्राइव्ह-इनला तो मार्ग नव्हता, कारण त्याची अडचण जागेची होती. एका पडद्यासाठी दहा-पंधरा एकर जमीन, आणि धंदा फक्त अंधार पडल्यावर, म्हणजे रात्री एक किंवा फार तर दोन खेळ. गावाबाहेरची जमीन स्वस्त होती तोवर हे परवडत होतं. शहर वाढत त्या कुंपणापर्यंत आलं, जमिनीला भाव आला आणि मालकाला सिनेमापेक्षा प्लॉट विकणं फायद्याचं झालं. त्यातच 1966 च्या कायद्याने अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत जवळपास देशभर एकसारखी झाली. उन्हाळा हाच ड्राइव्ह-इनचा हंगाम, आणि त्यात अंधार पडायला आणखी तासभर वाट बघायची वेळ आली. लेकराबाळांची कुटुंबं तिथेच गळाली. लोकांची आवड बदलली असेलही, पण निकाल लावला तो सातबाऱ्यानेच.

मुंबईचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. वांद्रे पूर्वेला कलानगरजवळ सत्तरच्या दशकात ड्राइव्ह-इन उभं राहिलं, तेव्हा तो भाग शहराच्या कडेचा होता. पुढे त्याला लागून वांद्रे-कुर्ला संकुल वसलं, जमिनीचं सोनं झालं आणि या शतकाच्या सुरुवातीला ते थिएटर बंद पडलं. महाराष्ट्रातली चित्रपटगृहं कोविडच्या बंदीनंतर 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली आणि दोनच आठवड्यांनी, 5 नोव्हेंबरला, त्याच परिसरात ‘सूर्यवंशी’ दाखवत नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं. जिओ वर्ल्ड ड्राइव्ह या मॉलच्या गच्चीवर, 290 गाड्यांची सोय असलेलं. तंत्र म्हणून ते उत्तम असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण मैदान जमिनीवर मावेना म्हणून गच्चीवर चढवलं गेलं, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तिथे वर जायला गाडीच लागते, आणि मुंबईतल्या बहुसंख्य कुटुंबांकडे चारचाकी नाही.

कुणी म्हणेल, ड्राइव्ह-इनला गाडी लागणारच, नावातच ती आहे. याला अहमदाबादने पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. तिथलं ड्राइव्ह-इन 1973 साली सुरू झालं. साडेसहाशेहून अधिक गाड्या मावतील एवढं ते मैदान, आणि गाडी नसलेल्यांसाठी बसायची वेगळी सोय. त्या थिएटरवरून तिथल्या अख्ख्या रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड हे नाव पडलं. शिवाय गाडीवाले तरी गाडीत कुठे बसतात? गाड्यांच्या पुढे-मागे सतरंज्या अंथरल्या जातात, गाद्या-उशा निघतात, कुणी चक्क खाट घेऊन येतं. घरून आणलेल्या डब्यांची अंगतपंगत होते, आजी लोडाला टेकते, तान्हं मूल मध्यंतरापर्यंत झोपून जातं आणि त्याच्या रडण्याने कुणाचाही रसभंग होत नाही. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. पडद्याच्या खालच्या बाजूला घसरगुंडी आणि झोपाळे असायचे, मुलं रात्रीच्या कपड्यांतच यायची. काही ठिकाणी ठरावीक दिवशी अख्ख्या गाडीला एकच तिकीट असे, मग जितकी डोकी कोंबता येतील तितकी कोंबून कुटुंबं येत. जिथे माणशी तिकीट होतं तिथे पोरं डिकीत लपून आत शिरायची. स्वस्तपणा, सैलपणा आणि परक्यांच्या सोबतीत असूनही आपलं आपल्यापुरतं असणं, या तिन्हींचा मेळ म्हणजे ड्राइव्ह-इन. खरं तर चित्र तिथे फिकंच दिसतं आणि आवाज गाडीतल्या रेडिओवरून येतो. उत्तम चित्रासाठी तिथे कुणीच जात नाही.

कोविडच्या काळाने हे सिद्धच केलं. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली बंद थिएटरं ओस पडली होती, तेव्हा ‘द रेचेड’ हा लहानसा भयपट मुख्यतः ड्राइव्ह-इनच्या जोरावर काही आठवडे तिकीटविक्रीत पहिला राहिला. वॉलमार्टने आपल्या 160 दुकानांच्या वाहनतळांवर पडदे लावले. पुनरुज्जीवनाच्या बातम्या तेव्हापासूनच्या आहेत. पण थिएटरं उघडली तसे वाहनतळ पुन्हा वाहनतळ झाले. गर्दी आली ती जागा आयती मिळाली म्हणून, आणि जागा परत गेल्यावर तीही ओसरली.

आता एक गंभीर आक्षेप. आपल्यातल्या किती जणांनी ड्राइव्ह-इन पाहिलंय? बहुतेकांची ही आठवण ‘ग्रीस’सारख्या अमेरिकन चित्रपटांतून उसनी आलेली आहे. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. उघड्यावरचा सिनेमा आपल्याकडे अस्सल होताच. त्याचं नाव टुरिंग टॉकीज. दिवाळी उलटली की तंबू, पडदा आणि रिळांचे डबे ट्रकवर लादून ही थिएटरं जत्रांमागून जत्रा करत फिरायची. कित्येकांचा प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला असे. गाडी तंबूला लावायची की झोत थेट पडद्यावर. कर्ण्यावरून पुकारा व्हायचा आणि माणसं जमिनीवर मांडी घालून बसायची. इथे गाडी सिनेमाची होती, प्रेक्षकाला ती लागत नव्हती. रिळं जाऊन डिजिटल आलं, नवी यंत्रं या मंडळींना परवडेनात आणि घरोघरी मोबाइल पोचला. त्यांच्या अखेरच्या धडपडीवरच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा 2016 साली कान महोत्सवात गौरव झाला, आणि तंबू मात्र एकेक करून मिटत गेले. मराठी माणसाला जर उघड्यावरच्या सिनेमाची हुरहूर वाटत असेल, तर तिची मुळं न्यू जर्सीत शोधायची गरज नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, पुनरुज्जीवन करायचंच तर मैदानाचं करा. पावसाची अडचण सांगितली जाईल. चार महिने पडदा गुंडाळून ठेवावा, टुरिंगवाले तेच करत. आवाजाची अडचण सांगितली जाईल आणि ती योग्यच आहे, कारण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत तर तो मुळीच नको. पण आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. हिवाळ्यात सातच्या आत अंधार होतो, त्यामुळे सातला सुरू झालेला अडीच तासांचा सिनेमा साडेनऊला संपतो. हाती मोबाइल असताना कोण येणार, हाही प्रश्न येईल. गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत मिरामारच्या किनाऱ्यावर पडदा उभा राहिलेला आहे. वाळूत बसणाऱ्यांच्या खिशातही मोबाइल असतोच. राहता राहिला खर्च. प्रोजेक्टर, फुगवता येणारा पडदा आणि ध्वनियंत्रणा आज भाड्याने मिळते, आणि सार्वजनिक उत्सवांच्या मांडवांवर आपण याहून कितीतरी जास्त उधळतो.

महापालिका आणि नगरपालिकांकडे शाळांची पटांगणं आहेत, उद्यानं आहेत, रविवारी रिकामे पडणारे वाहनतळ आहेत. येत्या दिवाळीपासून होळीपर्यंत प्रत्येक प्रभागात महिन्यातून एक संध्याकाळ, एक मराठी चित्रपट, रीतसर हक्क आणि परवाने घेऊन, नाममात्र तिकिटात किंवा मोफत दाखवावा. पालिकेला हे आपण होऊन सुचणार नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला या आठवड्यात एक पत्र लिहा, आणि पत्रात पटांगणाचं नाव घालायला विसरू नका.