टेस्ट केस क्र. ७ : पास

प्रोजेक्ट रिपोर्टमधला 'टेस्टिंग' हा चॅप्टर कोणी वाचतं का हो? मला तरी शंका आहे. लिहिणारासुद्धा वाचत नाही, कारण तो लिहीतच नाही. सिनियरच्या फाइलमधून उचलतो. तक्ता ठरलेला. लॉगिन बरोबर पासवर्डने, पास. लॉगिन चुकीच्या पासवर्डने, पास. शेवटच्या रकान्यात 'फेल' लिहिलेला रिपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही. सबमिशनला सगळंच पास असतं!

(माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

आता हसू येतंय, पण आपल्या मेसचं बिल ज्या वेबसाइटवर निघतं ती असाच एक प्रोजेक्ट आहे. फेब्रुवारीत आमच्या वर्गातल्या एकाला बिल आलं ते नेहमीपेक्षा २१६० रुपयांनी जास्त. पठ्ठ्या २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी घरी होता, म्हणजे सात दिवसांचं रिबेट, दिवसाला ९० प्रमाणे ६३० रुपये कमी व्हायला हवे होते. झालं काय, तर कोडमध्ये परतीच्या तारखेच्या आकड्यातून जायच्या तारखेचा आकडा वजा करून एक मिळवला होता. ३ वजा २८ अधिक १, म्हणजे उणे २४. उणे रिबेट म्हणजे चोवीस दिवसांचं जेवण जास्तीचं! काउंटरवर उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरने काढलंय." घरून मोजून पैसे येणाऱ्या मुलाने यावर काय बोलायचं? आणि त्या वेबसाइटच्या रिपोर्टमध्ये टेस्ट केस क्र. ७ बघा: 'रिबेट कॅल्क्युलेशन, पास'.

एकाच महिन्यातल्या तारखा घातल्या तर ते खरंच पास होतं. हाताने चार बटणं दाबून केलेली टेस्ट अशीच असते. दाबणाऱ्याला जे सुचतं तेवढंच तपासलं जातं, आणि पुढच्या वेळी कोड बदलल्यावर तेही कोणी परत दाबत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. वेबचा प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येक ग्रुपने क्यूयुनिटसारखी एखादी छोटी युनिट टेस्टिंग लायब्ररी वापरावी. ही लायब्ररी जेक्वेरीवाल्या जॉन रेसिगने जेक्वेरीच्याच टेस्टसाठी लिहिली. २००८ मध्ये तिला स्वतःचं नाव मिळालं आणि २००९ मध्ये ती जेक्वेरीवाचूनही चालू लागली. एक जावास्क्रिप्ट फाइल, एक सीएसएस फाइल, एक एचटीएमएल पान, झालं. पान ब्राउझरमध्ये उघडलं की टेस्ट धावतात. सगळं ठीक तर हिरवा पट्टा, नाही तर लाल, आणि खाली लिहिलेलं की अपेक्षित ७ होतं, मिळालं उणे २४. यापेक्षा सोपं काय पाहिजे?

मुलं लगेच जेस्टचं नाव घेतात. जेस्ट चांगलं आहे, पण ते इन्स्टॉल करताना शेकडो पॅकेजेस उतरतात, आणि रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या वायफायची काय अवस्था असते ते मी सांगायला नको. सर्व्हरकडे नोड वापरत असाल तर तेही नको. नोडमध्ये टेस्ट रनर आता आतच असतो. २०२२ मध्ये १८व्या आवृत्तीत आला, २०२३ मध्ये २०व्या आवृत्तीत पक्का झाला.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. क्यूयुनिटमधलं 'इक्वल' ढिलं आहे. त्याला आकडा ७ आणि अक्षर '७' सारखेच वाटतात. फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट अक्षरांत येते, म्हणून ९० मध्ये १० मिळवायला गेलात तर ९०१० होतात. तेव्हा 'स्ट्रिक्टइक्वल'च वापरा. तारखांचं तर विचारूच नका. वर्ष, महिना, दिवस असे आकडे देऊन ३० फेब्रुवारी २०२५ मागितली, तर जावास्क्रिप्ट कुरकुर न करता गुपचूप २ मार्च हातात ठेवते.

"वेळ कुठे आहे?" हा आक्षेप मला पटत नाही. केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट लिहायला घेतलं. आपल्याला तर लायब्ररी लिहायचीसुद्धा नाही, नुसती वापरायची आहे.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मला बिलाची टेस्ट लिहायला बसल्यावर कळली. अपेक्षित उत्तर काय लिहायचं? निघायच्या दिवशी सकाळचा नाश्ता केला तर तो दिवस रिबेटमध्ये धरायचा का? रात्री परतलो तर? तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. नियमच कुठे नीट लिहिलेला नाही, मग कोड लिहिणाऱ्याने तरी काय करावं? ही गोष्ट लायब्ररी सांगणार नाही, पण टेस्ट लिहिताना हा प्रश्न टाळताच येत नाही.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. ओरलला तो तक्ता बघू नका. टेस्टचं पान उघडायला सांगा, मग कोडमधलं एक अधिक चिन्ह वजा करायला लावा आणि पान रिफ्रेश करा. पट्टा हिरवाच राहिला तर टर्मवर्कचे मार्क काय द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

मेस कमिटीने रिबेटचा नियम एका कागदावर लिहून सही करून द्यावा. २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी ही पहिली टेस्ट मी लिहून ठेवली आहे. सध्या ती लाल आहे.