देवही पुरात आसरा घेतो

श्रावण सरतो, भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडते आणि घरोघरी मंगलमूर्तींचे आगमन होते. दूर्वा निवडल्या जातात, मोदकांच्या उकडीचा दरवळ माजघरापर्यंत येतो, आणि विघ्नहर्त्यापुढे हात जोडून आपण सारे आपापल्या घराचे क्षेम मागतो. अशा मंगल समयी पुराच्या पाण्याची आठवण काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या विघ्नहर्त्याला आपण पाचारण करतो, त्याच्या दारी विघ्नग्रस्तांचा विषय अप्रस्तुत कसा ठरावा, हे आम्हांस कळत नाही.

नृसिंहवाडीला कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. पावसाळ्यात नदी चढू लागली की तिचे पाणी दत्तमंदिरात शिरते, श्रींच्या मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील द्वाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान घडावे म्हणून भाविक दूरदुरून धावत येतात. पाणी आणखी वाढले की श्रींची उत्सवमूर्ती तेथून हलवून उंचावर, श्रीनारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेण्यात येते, आणि नित्याची पूजा-अर्चा तेथे चालू राहते. या प्रथेत केवढा अर्थ भरला आहे! प्रत्यक्ष दत्तप्रभूंनाही पुरात दुसरीकडे आसरा घ्यावा लागतो, आणि तो देणारा आपण उपकार केला असे मानीत नाही. आपले भाग्य उजळले असे मानतो. मग पुरातून ओल्या अंगाने बाहेर पडलेला शेतकरी, त्याची म्हातारी आई आणि कडेवरचे मूल आपल्या दारी आले, तर त्यांच्याविषयीची आपली भावना वेगळी का असावी?

2019 सालच्या ऑगस्टात ही परीक्षा साऱ्या दक्षिण महाराष्ट्राची झाली. सह्याद्रीवर पाऊस थांबेना. कृष्णा, वारणा, पंचगंगा एकाच वेळी फुगल्या आणि संगमाशी एकमेकींचे पाणी तुंबवीत राहिल्या. सांगलीस आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. तेथे पाणी 57 फुटांवर गेले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट. तेथे ते 55 फुटांवर पोहोचले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि दोन्ही जिल्ह्यांतील चार लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडावे लागले. कुंभारवाड्यांतही पाणी शिरले. महिनोन्महिने राबून घडविलेल्या गणेशमूर्तींपैकी कित्येकींचे विसर्जन त्या वर्षी प्रतिष्ठापनेपूर्वीच झाले.

त्या दिवसांत समाजाने जे केले ते अभिमान वाटावे असेच होते. शाळांचे वर्ग, मंगल कार्यालये, मठ, देवळे आणि वसतिगृहे रात्रीतून निवारे झाली. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून ज्या करवीरनगरीत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्या नगरीला निराश्रितांस छप्पर देण्याचा धर्म कोणी नव्याने शिकवावा लागत नाही. तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनी ढोल-ताशांचा सराव बाजूला ठेवून भाकऱ्या गोळा केल्या. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड या पूरग्रस्त गावी मशिदींत गणपती बसविण्याची परंपरा आहे. तेथे शेजारधर्म वर्षभर पाळला जातो, म्हणून संकटात तो शोधीत बसावे लागत नाही. त्या वर्षी 2 सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली, तेव्हा अनेक मंडळांनी उत्सव साधेपणाने करून वर्गणीतील रक्कम पूरग्रस्तांकडे वळविली.

हे सारे स्मरून, आणि त्याविषयी पूर्ण आदर बाळगूनच, आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. आपली दानबुद्धी पुराच्या पाण्याबरोबर चढते आणि पाण्याबरोबरच ओसरते.

पहिल्या आठ दिवसांत मदतीचे ट्रक एकामागून एक येतात. रस्त्यालगतच्या गावी बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या यांची रास पडते. आडबाजूच्या वस्तीवर काहीच पोहोचत नाही. जुन्या कपड्यांची गाठोडी येतात, त्यांत फाटक्या साड्या आणि विटलेले सदरे असतात, आणि ते ढीग चावडीपाशी भिजत पडतात. ज्या घरातील गृहिणीने आजवर वाढलेले ताट याचकाला दिले, तिला दुसऱ्याने टाकून दिलेले लुगडे निवडीत बसावे लागणे, हे दान नव्हे. देवाला आपण कोमेजलेले फूल वाहत नाही, उष्टा नैवेद्य दाखवीत नाही. तोच नियम येथेही असावा.

आणि खरी आपत्ती तर पुढेच असते. मातीची भिंत बहुधा पुरात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, आतून भिजून गेल्यामुळे, उन्हाच्या पहिल्या तिरपीबरोबर ढासळते. त्या वेळी छायाचित्रे निघत नाहीत. घरातील गाळ उपसायचा असतो, विहीर उपसून शुद्ध करायची असते, पेटीतील कागदपत्रांचा लगदा झालेला असतो, मुलांची पुस्तके वाहून गेलेली असतात, ऊस कुजलेला आणि दूध देणारी म्हैस दावणीला राहिलेली नसते. शाळा भरायची म्हणून निवारा रिकामा करावा लागतो, पण परतायला घर उरलेले नसते. नेमक्या त्याच सुमारास मदतीचा ओघ आटतो. आसरा म्हणजे चार रात्रींचे छप्पर एवढाच अर्थ घेतला, तर आपण अर्धेच पुण्य पदरात पाडून परतलो असे म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट तयारीची. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली आणि सुटकेच्या वाटेवर असलेल्या स्त्रिया व मुले बुडाली. नावेत चढणारे जीव वाचविण्यासाठीच चढले होते, आणि नाव काढणारेही त्याच हेतूने निघाले होते. सद्भावनेची तेथे उणीव नव्हती. उणीव होती ती पुरेशा नावांची आणि अंगात घालावयाच्या तरंगत्या जाकिटांची. पुढे दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पंचगंगा पुन्हा चढली आणि कोकणात वाशिष्ठीने चिपळूण बुडविले. 2025 साली तर ऐन नवरात्रात सीनेच्या आणि गोदावरीच्या काठी हाहाकार उडाला. पूर आता पाहुणा राहिलेला नाही; तो वरचेवर येणारा आप्त झाला आहे. मग त्याच्या येण्याची सिद्धता आपण दरवेळी तो दारात उभा राहिल्यावरच का करावी?

यावर कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. निःसंशय आहे, आणि ते करवून घेणे हा नागरिकांचा हक्क आहे. परंतु मध्यरात्री पाणी उंबऱ्याशी येते, तेव्हा पहिली हाक शेजाऱ्याला जाते. दुसरे कोणी म्हणेल, मग उत्सवच बंद करावेत काय? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. मूर्तिकार, मांडववाला, फुलवाली, वाजंत्री अशा कित्येकांची वर्षाची मीठभाकरी उत्सवावर चालते. एका गरिबाचे अश्रू पुसण्यासाठी दुसऱ्याचा घास काढून घेणे हा धर्म नव्हे. आमचे म्हणणे इतकेच आहे की, पूरग्रस्तांचा वाटा हा उत्सवातून उरलेला नसावा. तो आधी काढलेला असावा. नैवेद्याचे पान आपण सर्वांच्या आधी वाढतो, तसाच.

प्रत्येक मंडळाने आणि देवस्थानाने वर्गणीतील एक ठरावीक हिस्सा, पूर येवो न येवो, दरवर्षी या कामासाठी बाजूला ठेवावा. नदीकाठच्या गावातील मंडळांनी एकत्र येऊन एक भक्कम नाव, जाकिटे आणि दोर घ्यावेत, आणि मिरवणुकीतील लेझमीइतक्याच हौसेने तरुणांनी त्यांचा सराव करावा. उंचावरील कोणते कार्यालय, कोणती धर्मशाळा निवाऱ्यासाठी उघडावयाची, आणि जनावरे कोठे बांधावयाची, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे. कारण दावणीची जनावरे सोडून निघायला शेतकऱ्याचा पाय उचलत नाही, आणि त्या घोटाळण्यात जीव जातात. मदत पाठविण्यापूर्वी काय हवे ते विचारावे. पै-पैचा हिशेब मांडवाच्या दर्शनी फलकावर लावावा. आणि एखादे गाव हाती घ्यावे, ते पुढच्या चतुर्थीपर्यंत सोडू नये.

मोठी देवस्थाने या मार्गाने पावले टाकीत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. 2025 च्या पुरात मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक मंदिर न्यासाने 10 कोटी रुपये दिले. परंतु हा केवळ कोट्यवधींचा मामला नाही. श्रीगाडगे महाराजांजवळ स्वतःसाठी एक खापर आणि अंगावर चिंध्या होत्या. त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या करविल्या.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या आजीने आपणांस सांगितली आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि त्याची भरपाई करण्यास पांडुरंग स्वतः विठू होऊन दरबारात गेला, अशी आपली श्रद्धा आहे. दामाजीपंतांनी दुसऱ्याचे कोठार उघडण्याचे धाडस केले, त्यात शिराचे भय होते. आपल्याला तर आपल्याच मंडळाची पेटी उघडावयाची आहे. त्यात भय कसले?

अनंत चतुर्दशीला आपण मूर्ती पाण्यात सोडतो आणि पुढल्या वर्षी लवकर येण्याची विनवणी करतो. ज्या नदीत आपण देवाला निरोप देतो, तीच नदी कोणाचे तरी घर घेऊन गेलेली असते. घाटावरून परतताना त्या घराची वाट आपल्या ध्यानी असावी, आणि पुढल्या वर्षी गणराय येतील तेव्हा त्या घरातही त्यांना बसावयास चौरंग मांडलेला असावा, एवढीच आमची त्या विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना आहे.