दुवा तुटल्यावर काय उरते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा भूगोल बिनतारी संपर्काला सोयीचा नाही. दक्षिणेला गोदाकाठचे पैठण, उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आणि त्या रांगेपलीकडे, घाटाखाली, सोयगाव. वॉकी-टॉकीच्या व्हीएचएफ लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे एकाच डोंगरावरचा रिपीटर रांगेच्या दोन्ही अंगांना सारखा पोचत नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे रिपीटर आयपी नेटवर्कने एकमेकांना जोडणे हा त्यावरचा योग्य उपाय, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो ही जोडणी कशावरून करायची याचा. त्यावर नेहमी दिली जाणारी तीन उत्तरे मला मान्य नाहीत.

पहिले उत्तर : गावोगावी फोरजी आले आहे, रिपीटरजवळ सिमकार्डचा राउटर ठेवा. एरवी हे चालतेही. पण ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि वाहने अडकून पडली, तशा प्रसंगाचा विचार करा. अशा वेळी अडकलेला प्रत्येक माणूस त्याच टॉवरवरून घरी फोन लावत असतो. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच पुरते. ज्या घडीसाठी बिनतारी यंत्रणा ठेवायची, नेमक्या त्याच घडीला ती मोबाईलच्या गर्दीत उभी करणे हा शहाणपणा नव्हे.

दुसरे उत्तर : मग १०० एमबीपीएसचे फायबर घ्या. इथे गरजच चुकीची मोजली आहे. जी.७११ पद्धतीने आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पॅकेटांची शीर्षके आणि व्हीपीएनचे आवरण धरले तरी एका दिशेचे संभाषण सव्वाशे किलोबिटच्या आसपास भागते. आवाजाला मोठा वेग लागत नाही; पॅकेटे वेळेवर, सारख्या अंतराने आणि न हरवता पोचावी लागतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. शिवाय फायबर जमिनीखालून जाते. पैठण रस्त्यावर जलवाहिनीसाठी झालेली खोदाई ज्यांनी पाहिली, त्यांना एकाच केबलवर विसंबण्यातला धोका समजावून सांगायला नको.

तिसरे उत्तर सर्वांत घातक : पब्लिक आयपी घ्या, राउटरचे पोर्ट उघडा, काम झाले. उघडे पोर्ट कोणालाही सापडते. तिथून आत शिरलेला परका माणूस थेट तुमच्या चॅनेलवर बोलू शकतो आणि खोटा आदेशही देऊ शकतो.

मग करावे काय? डोंगरमाथा आणि नियंत्रण कक्ष यांच्यात सरळ नजर मिळत असेल, तर मुख्य दुवा स्वतःच्या मालकीचा, ५ गिगाहर्ट्झचा असावा. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. व्हीएचएफ संचांना मात्र परवाना लागतोच. नजर मिळणे म्हणजे नुसता मनोरा दिसणे नव्हे. ३० किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी रेषेभोवती सुमारे २० मीटर त्रिज्येचा फ्रेनेल पट्टा असतो आणि त्याचा निदान साठ टक्के भाग झाडे-टेकड्यांपासून मोकळा हवा.

दुसरा दुवा वेगळ्या कंपनीचा आणि वेगळ्या वाटेने येणारा हवा. फोरजीला माझा विरोध नाही. त्याची जागा ही दुसरी आहे. मोबाईल कंपन्या बहुधा खासगी आयपी पत्ता देतात, बाहेरून थेट आत येता येत नाही. म्हणून रिपीटरकडूनच नियंत्रण कक्षाकडे व्हीपीएन जोडावे आणि ते यूडीपीवर चालवावे. टीसीपी हरवलेले पॅकेट पुन्हा मागवत बसते आणि तोवर मागचा आवाज खोळंबतो. बोलण्यात शिळ्या पॅकेटाचा काही उपयोग नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : दोन्ही दुवे गेले तरी प्रत्येक रिपीटर आपापल्या भागात चालू राहिलाच पाहिजे. सोयगावचा संभाजीनगरशी संपर्क तुटला, तरी सोयगावातल्या दोन पथकांना एकमेकांशी बोलता यायला हवे. त्यासाठी रिपीटरचे नियंत्रण दूरच्या सर्व्हरवर सोपवू नये, आणि बॅटरी रिपीटरबरोबर राउटर, स्विच व दुव्याचा अँटेना यांनाही जोडावी.

दोन दुव्यांनी खर्च वाढतो, हा आक्षेप येईल. पण आवाजाची भूक इतकी लहान आहे की दुसऱ्या दुव्याला साधा, स्वस्त प्लॅन पुरतो.

निविदा काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ‘किती एमबीपीएस’ या रकान्याच्या वर आणखी एक रकाना घाला : ‘मुख्य दुवा काढल्यावर दुसरा किती सेकंदांत सुरू होतो?’ दरवर्षी मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, केबल स्वतःच्या हाताने काढा आणि ती वेळ मोजा. या परीक्षेत जी जोडणी उतरेल तीच घ्या.