निवड पालकांची की शाळेची?

टेक्सासच्या विधिमंडळासाठी उभ्या राहणाऱ्या जवळपास कुठल्याही रिपब्लिकन उमेदवाराचं पत्रक हातात घ्या. (आपल्या दादासाहेब गायकवाडांच्या पक्षाशी या पक्षाचं नावापलीकडे काही नातं नाही.) यादी ठरलेली असते. मालमत्ता कर कमी करू, सीमेवर बंदोबस्त वाढवू, निवडणुका स्वच्छ करू, पालकांचे हक्क जपू आणि पालकांना शाळा निवडण्याचं स्वातंत्र्य देऊ. या यादीत ‘वंश’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. आपल्या वाचकाला याचं नवल वाटू नये. ‘आम्ही जात मानत नाही’ हे वाक्य कोणत्या घरांतून सगळ्यात जास्त ऐकू येतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

मला बोलायचं आहे ते शेवटच्या मुद्द्याबद्दल, कारण तो सगळ्यात गोड आहे. सरकारी शाळेवर खर्च होणारा जनतेचा पैसा पालकांच्या नावे खात्यात जमा करायचा आणि त्यातून त्यांनी खासगी शाळेची फी भरायची. गरिबाच्या पोरालाही श्रीमंताच्या शाळेत जाता येईल, मग वाईट काय आहे, असं विचारलं जातं. आपल्यातलेही काही जण विचारतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधीगृहात ही योजना पडली. ती पाडणाऱ्यांत २१ रिपब्लिकन होते, बरेचसे ग्रामीण भागातले. त्यांच्या गावात सरकारी शाळा हीच एकमेव शाळा, आणि बहुतेक वेळा गावातला सगळ्यात मोठा रोजगारही तीच. गव्हर्नर ॲबट यांनी २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत या स्वपक्षीयांविरुद्धच प्रचार केला. पेनसिल्व्हेनियातले अब्जाधीश जेफ यास यांनी त्यांना ६० लाख डॉलर दिले होते. विरोध करणारे अनेक जण घरी गेले आणि मे २०२५ मध्ये कायद्यावर सही झाली. तरतूद १०० कोटी डॉलरची, एका मुलामागे साधारण १० हजार डॉलर.

कायद्यात गरीब आणि अपंग मुलांना प्राधान्य आहे, हे सांगायला हवं. पण ते प्राधान्य पैशाच्या रांगेत आहे, शाळेच्या दारात नाही. खासगी शाळेने कोणाला घ्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे ती शाळाच ठरवणार. प्रवेश परीक्षा तिची, मुलाखत तिची, धर्माची अटही तिची. म्हणजे खात्यात पैसे पालकांच्या नावे आणि निवड शाळेच्या हाती. ॲरिझोनात २०२२ पासून ही सवलत सगळ्यांना खुली झाली. तिथे पहिल्या फेरीतल्या बहुतेक अर्जदारांची मुलं आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती. जे फी भरतच होते, त्यांची फी आता जनता भरते.

ही कल्पना येते कुठून? अर्थतज्ज्ञ सांगतील, मिल्टन फ्रिडमन यांच्या १९५५ च्या लेखातून. पण ती जमिनीवर कशी उतरली ते पाहायला व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत जावं लागतं. तिथल्या काळ्या मुलांची शाळा इतकी भरलेली होती की वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत भरायचे. १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

मग काउंटीने काय केलं? १९५९ मध्ये तिने सरकारी शाळांना पैसे द्यायचंच बंद केलं. सगळ्या शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि पुढे राज्य व काउंटीच्या फी-अनुदानावर ती चालली. त्या अनुदानाच्या नियमांत काळा-गोरा असा भेद लिहिलेला नव्हता. कागद रंग पाहत नव्हता, शाळा पाहत होती. १९६४ मध्ये न्यायालयाने दणका देईपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, काळ्या मुलांना काउंटीत सरकारी शाळाच नव्हती. कोणी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे गेलं, कोणी शेतात कामाला लागलं. पाणवठा सगळ्यांना खुला करा म्हटलं की पाणवठाच बुजवून घरात विहीर खणायची, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि पैसा कोणाचा? १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सारा भरतो शेतकरी आणि सरकारी शिक्षणाचा खर्च होतो वरच्या जातींवर. त्या निवेदनाला १४० वर्षं उलटली, तरी टेक्सासच्या अंदाजपत्रकाला ते जसंच्या तसं लागू पडतं.

इथे कोणी हुशार माणूस विचारेल: मग आपल्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा म्हणजे वेगळं काय? तिथेही सरकारच खासगी शाळेची फी भरतं. वेगळं एवढंच, आणि तेच सगळं आहे, की तिथे प्रवेश सोडतीने होतो. सोडतीत नाव आलेल्या मुलाला शाळा नाकारू शकत नाही. म्हणून तर संस्थाचालकांना ही तरतूद खुपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. टेक्सासचं सरकार म्हणतं, सरकारी शाळा नको असेल तर हे पैसे घे. आपलं सरकार म्हणत होतं, सरकारी शाळा जवळ आहे ना, तिथेच जा. वाक्यं उलटी आहेत, पण दोन्हीकडे खासगी शाळेच्या दाराची कडी आतूनच राहते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘स्वच्छ निवडणूक’ म्हणजे काय, तर टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात मतदानाला बंदुकीचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. ‘पालकांच्या हक्कां’च्या घोषणा सुरू असतानाच २०२१ मध्ये वंशाबद्दल वर्गात काय शिकवू नये याचे कायदे झाले. हा सूर आपण कॅलिफोर्नियातही ऐकलाय. पाठ्यपुस्तकातली जात पुसट करा, आमच्या मुलांना शाळेत ओशाळं वाटतं, असं म्हणत तिथल्या हिंदू संघटना शिक्षण मंडळाकडे गेल्या होत्या. जात भोगणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्न त्या अर्जांत नव्हता.

ह्यूस्टन-डॅलसच्या आसपास आज मराठी माणसं कमी नाहीत. त्यांत आंबेडकरी घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांना तिथे मतदानाचा हक्कही आहे. २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून ही योजना प्रत्यक्ष सुरू होते आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या १५० जागांची निवडणूक आहे. उमेदवार दारात येईल, हसून हात मिळवेल, कष्टाळू भारतीय समाजाचं कौतुक करेल. त्याला कराबद्दल मागाहून विचारा. आधी विचारा की जनतेचा पैसा घेणाऱ्या शाळेला एखादं मूल नाकारता येतं की नाही, आणि येत असेल तर ती नाकारण्याचं कारण लेखी देणार का.