दुधाचे दात वाचवा, ओठ उचलून पाहा

आज रात्री मूल झोपण्याआधी त्याला मांडीवर आडवं घ्या. अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचला आणि समोरच्या चार दातांची हिरडीलगतची कड नीट पाहा. मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर कीड नुकती लागते आहे. पिवळट-तपकिरी खळगे दिसले तर ती आत शिरली आहे. दात झिजून नुसते काळे खुंट उरले असतील तर उशीर झाला आहे, पण तेव्हाही मुलासाठी करण्यासारखं बरंच काही असतं. दातांच्या मागची बाजूही पाहायला विसरू नका.

याला एक मिनिटही लागत नाही. तरीही हे पाहिलं जात नाही, आणि पाहिलं तरी ‘दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत’ म्हणून सोडून दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत आणि त्यांवर उपचार झालेले नाहीत. मुलांमध्ये इतका पसरलेला दुसरा जुनाट आजार नाही.

‘पडणारच आहेत’ याचा जरा हिशेब करू या. वरचे मधले दोन दात साधारण आठव्या ते बाराव्या महिन्यात येतात, शेजारचे दोन त्यांच्या मागोमाग. ते पडतात सातव्या-आठव्या वर्षी. दीड-दोन वर्षांच्या मुलीचे दात किडले, तर पुढची पाच-सहा वर्षं तिला त्याच दातांनी घास तोडायचा आहे, बोलायला शिकायचं आहे, बालवाडीत जाऊन चार मुलांसमोर हसायचं आहे. तिला ‘पडणारच आहेत’ म्हणणं म्हणजे तोवर सोस म्हणणं.

आणि ती सोसते. दोन वर्षांचं मूल ‘माझा दात दुखतो’ असं सांगत नाही. ते भाकरी नाकारतं आणि मऊ भात मागतं. घास गालात धरून बसतं, थंड पाणी लागलं की तोंड फिरवतं, रात्री रडत उठतं. घरचे म्हणतात, खाण्याचे नखरे आहेत. वजन वाढत नाही म्हणून टॉनिक आणलं जातं, आणि ते टॉनिकही गोडच असतं.

पालकांना एक भीती नेहमी घातली जाते, की समोरचा दुधाचा दात लवकर गेला तर पक्का दात हमखास वाकडा येतो. ते तितकंसं खरं नाही. सुळे आलेले असतील तर समोरची जागा सहसा बुजत नाही. जागा जाण्याचा धोका मुख्यतः दुधाच्या दाढांचा. समोरचा दात वाचवायचा तो मुलाला आत्ता दुखतं म्हणून. त्याच्या मुळापाशी पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो आणि वर पू साठत राहिला तर त्या अंकुराच्या आवरणावर कायमचे डाग आणि खड्डे पडू शकतात, म्हणूनही. शिवाय त, थ, द, ध म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांनाच टेकतं. बोलणं घडण्याच्या वयात तो आधार गेला तर उच्चार अडखळू शकतात.

कीड नेमकी वरच्या समोरच्या दातांनाच आधी का लागते? मूल बाटली तोंडात घेऊन झोपतं, तेव्हा दूध या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ पसरलेली असते आणि जिभेखालची लाळ त्यांना धूत असते, म्हणून ते बरेचदा वाचतात. झोपेत तर लाळ अगदी कमी सुटते. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दाताच्या निम्म्याने पातळ असतं, त्यामुळे कीड काही महिन्यांतच नसेपर्यंत पोचते.

यात आईला दोषी धरू नका. दिवसभर राबून आलेली बाई रात्री तिसऱ्यांदा रडणाऱ्या लेकराच्या तोंडात बाटली देते, आजी चोखणीला मध लावते, काका चहात बुडवून बिस्किट देतात. यातलं सगळं मायेपोटी होतं. बदल मात्र करावा लागेल. झोपताना बाटली नको, द्यायचीच झाली तर साध्या पाण्याची. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही जरूर पाजा. फक्त वर्षानंतर रात्रभर पीत झोपण्याची सवय हळूहळू मोडा. पहिला दात दिसला त्या दिवसापासून सकाळी आणि रात्री दात घासा, आणि घासायचे ते मोठ्या माणसाने. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाला ते नीट जमत नाही. टूथपेस्ट फ्लोराइडची, १००० पीपीएम लिहिलेली. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागांत, जिथे विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी दंतवैद्यांना विचारा.

लोहाच्या थेंबांनी दातांवर काळसर थर येतो, ती कीड नव्हे. तो दंतवैद्य साफ करून देतात. त्या भीतीने लोह बंद करू नका. आपल्या मुलांना रक्तवाढीची फार गरज आहे.

आता उपचारांचं. ‘एवढ्याशा लेकराला कोण खुर्चीत बसवणार?’ असं विचारलं जातं. खुर्ची लागतही नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतात, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं आणि तसंच मागे डॉक्टरांच्या मांडीवर डोकं टेकतं. आईचा चेहरा त्याला दिसत राहतो. पांढरी रेघ असेल तर त्यावर फ्लोराइड व्हार्निश लावतात, दर तीन ते सहा महिन्यांनी. या टप्प्यावर दात पूर्ववत होऊ शकतो. सुई नाही, ड्रिल नाही.

खळगे पडले असतील आणि दात दुखत नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे. बारीक ब्रशने एक थेंब लावायचा की झालं. यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेला दात कठीण करतं. दर सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. चांदीची ॲलर्जी असेल तर चालत नाही. जपानमध्ये हे गेल्या शतकापासून वापरात आहे. चीनमधल्या बालवाड्यांतल्या ३७५ मुलांच्या वरच्या समोरच्या किडलेल्या दातांवरच केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा हे औषध लावलेल्या दातांतली कीड, दर तीन महिन्यांनी व्हार्निश लावलेल्या दातांपेक्षा अधिक थांबलेली आढळली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

मग ते सगळीकडे का वापरलं जात नाही? कारण किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, आणि समोरच काळा दात दिसणं आईबापांना सहन होत नाही. ती भावना खरी आहे, तिला हसू नये. पण तपकिरी, मऊ, वाढत जाणारी कीड थांबून कडक झाली, याचीच ती खूण आहे. काळेपणा नंतर झाकता येतो. ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतं किंवा पारदर्शक साच्यात दातांच्या रंगाचं मिश्रण भरून अख्ख्या दातावर टोपी बसवता येते. नसेपर्यंत कीड गेलेल्या दाताचंही रूट कॅनल होतं, अगदी अडीच-तीन वर्षांच्या मुलाचंही. अनेक दात एकदम बिघडले असतील आणि मूल फार लहान असेल, तर रुग्णालयात भूल देऊन एकाच बैठकीत सगळं करतात. हिरडीवर पुवाची पुळी आली असेल, मूळ विरघळलं असेल, तर दात काढणंच योग्य; तिथे वाचवण्याचा हट्ट धरू नका.

खर्चाची अडचण मोठी आहे, पण वाटा आहेत. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सर्व ठिकाणी लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरून तिथे कोण पोचणार? म्हणून पुढची मागणी सरकारकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि ज्या आजारांसाठी मुलांना तपासायचं, त्या यादीत दातांचे आजारही आहेत. या पथकाच्या पेटीत व्हार्निश आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असलं पाहिजे. ग्रामीण रुग्णालयांत जिथे दंतवैद्य आहेत, तिथे आठवड्यातला एक दिवस सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवला पाहिजे. हे आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना लेखी मागा.

बालरोगतज्ज्ञांनो, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस टोचताना ओठ उचलून पाहा. दंतवैद्याकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी हे तुमच्या तोंडून ऐकलं तर आई नक्की ऐकेल. आशाताई आणि सिस्टर, घरभेटीत बाटलीबद्दल एकदा विचारा. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनो, दुपारी झोपवताना बाटली तोंडात ठेवू नका.

आणि आईबाबांनो, पथक अंगणवाडीत कधी येणार ती तारीख सेविकाताईंकडून आजच विचारून ठेवा. त्या दिवशी घरातल्या कुणीतरी मोठ्या माणसाने मुलासोबत हजर राहावं. वजन-उंची घेऊन झाली की डॉक्टरांना समोरचे दात पाहायला सांगा आणि काय दिसलं ते कार्डावर लिहून घ्या. कीड सापडली तर संदर्भ चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, आणि चिठ्ठीवर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी जायचं ते लिहिलंय ना, हे तिथेच पाहून घ्या.