गुणगुण

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे स्वर म्हणजे काय, हे मी गेली कित्येक वर्षं मुलांना सांगत आलो आहे. पण आमच्या घरात चार तारांचं एक वाद्य आलं आणि तारेला कुणी हात न लावताच गुणगुणू लागलं, तेव्हा याला स्वर म्हणावं की निव्वळ कटकट, हे काही मला ठरवता येईना.

वाद्य आमच्या काकांचं. नोकरी सांभाळून ते एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवीत. टाळ्या गायकाला मिळायच्या, शिट्ट्या ढोलकीवाल्याला. काकांकडे कुणी वळून पाहिल्याचं मला स्मरत नाही. बेस वाजतो तोवर कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि थांबला की गाणं पोकळ का वाटतं, तेही ध्यानात येत नाही! दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं काकांचा डावा हात गेला आणि गिटार आमच्या कन्येकडे आली.

कन्येनं निदान केलं, "बाबा, याचे पिकअप बदलायला हवेत."

पिकअप म्हणजे भाजी वाहणारा टेम्पो, एवढीच माझी समजूत. तेव्हा तिनं माझी शिकवणी घेतली. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत क्षीण वीज उपजते. तीच पुढं ध्वनिवर्धकात जाऊन गर्जना करते. मात्र हे वेटोळं चाळीतल्या शेजाऱ्यासारखं, ऐकू नये तेही ऐकणारं. घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनंही ते टिपतं, आणि तीच ती गुणगुण.

कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर मूळचे रेडिओदुरुस्ती करणारे. १९५१ साली त्यांनी आपला प्रिसिजन बेस बाजारात आणला. (गंमत अशी की, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. साहित्यात अशांना समीक्षक म्हणतात.) १९५७ साली त्यांनी वेटोळ्याचे दोन भाग करून ते उलटसुलट जोडले आणि एकाची गुणगुण दुसऱ्यानं खाल्ली. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आले. ते परस्परविरुद्ध गुंडाळलेले असले आणि दोन्ही सारखे उघडले, तर गुणगुण मिटते. एक कमी केला की पुन्हा सुरू. काकांची गिटार या जॅझ बेसची नक्कल.

कन्येनं शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून नवी जोडी आणली. प्रत्येकात दोन-दोन वेटोळी, म्हणजे गुणगुणीला जागाच नको! मी विरोध केला. काकांचा आवाज त्या जुन्या तांब्यात आहे, तो काढून टाकायचा? काकांना विचारायचं धैर्य मात्र मला झालं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं गिटार उघडली, आणि खरा गुन्हेगार सापडला. तारा अडकवतात त्या ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटली होती. तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी. आमच्याकडे होत नव्हती, पण हे लक्षण कुणी पाहिलंच नव्हतं. तिनं वायर सोल्डर केली, आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली. बुधवार पेठेतून २५० किलोओमचे तीन पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणून बदलला. बटणं फिरवताना होणारी खरखर गेली, गुणगुण निम्म्याहून खाली आली. नवे पिकअप अजून खोक्यातच!

"पाहिलंस? अगोदर वायर बघावी, मग खरेदी करावी," मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

अखेर काकांना बोलावलं. त्यांनी जुना आवाज ऐकला. मग तासभर सोल्डरिंगचा धूर, आणि मग नवा. जुन्याच्या बाजूनं मी मनात भाषण तयार ठेवलं होतं.

"नवा," काका म्हणाले. "पंधरा वर्षं मला ते बदलायचे होते. दिवाळीला बोनस आला की ठरवायचो. मग तुझ्या काकूचं काहीतरी निघायचं. एकदा तुझी एम. ए. ची फी निघाली."

माझी फी! मला हे ठाऊकच नव्हतं. मी गुपचूप जुने पिकअप कागदात गुंडाळू लागलो.

कन्या गिटार घेऊन काकांना खेटून बसली. तिनं डाव्या हातानं पडद्यांवर तारा दाबल्या, काकांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी छेडल्या. दोघांचा मेळ बसेना.

"हळू, आजोबा."

"तू हळू," काका म्हणाले, "मी ठेक्यातच आहे."